कोब्याशी बोलणारे काका

आमच्या शेजारचे काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले, तेव्हा खरं तर ते माझ्याशी बोलतच नव्हते. माझ्या अंगणातल्या कोब्याशी बोलत होते.

धायरीच्या त्या रो-हाउसमध्ये राहायला येऊन आम्हाला तीनेक आठवडे झाले असतील. रविवारची सकाळ. मी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी आलो, तर पांढरा लेंगा-सदरा घातलेला सत्तरीपलीकडचा एक माणूस माझ्या अंगणात उकिडवा बसलेला. फाटक त्यांनी स्वतःच उघडलं होतं आणि आत येऊन शिस्तीत लावूनही घेतलं होतं. हातातलं दहाचं नाणं ते जमिनीवर टकटक वाजवत होते आणि कान खाली नेऊन म्हणत होते, "अरे अरे अरे. कुणी रे केलं तुझं असं?"

मी घसा खाकरला. त्यांनी मान वर केली, आधी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अर्धा चालेल मला," ते म्हणाले. "हे कुणी केलं?"

"मीच. म्हणजे मी स्वतः उभं राहून करून घेतलं."

"उभं राहून? जरा बसला असतात तर बरं झालं असतं."

ते बरोबरच होतं. तो कोबा म्हणजे माझ्या हुशारीचा नमुना होता. राहायला यायच्या आधी मी एक माणूस गाठला, भुसभुशीत भरावावरच तीन इंच सिमेंट-खडी पसरायला लावली, आणि ती नीट पसरेना म्हणून त्याला सांगितलं, "अहो, इडलीच्या पिठासारखं काय करता, डोशाच्या पिठासारखं करा!" त्याने बिचाऱ्याने गिऱ्हाइकाचा मान राखला. दिसायला कोबा आरशासारखा झाला. मी चार लोकांना नेऊन दाखवला. दीड महिन्यात त्याला तडे जायला सुरुवात झाली. मग मी आणखी हुशारी केली आणि प्रत्येक तड्यात पांढरं सिमेंट भरलं. त्यामुळे ज्यांना आधी तडे दिसले नसते, त्यांनाही ते लांबून दिसायला लागले. आमची ही म्हणायची, "शाळेतल्या मुलांची सहल आणा इथे. नद्या शिकवता येतील."

काकांनी त्या दिवशी अर्धा चहा घेतला, सदऱ्याच्या खिशातून शिसपेन्सिल काढली आणि सगळ्यात मोठ्या तड्याच्या टोकाला एक आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. "पुढच्या महिन्यात बघू, कुठपर्यंत पोचतो," असं म्हणून निघून गेले. मला नाव विचारलं नाही, स्वतःचं सांगितलं नाही.

त्यांची ही पेन्सिल पुढे मी फार ठिकाणी पाहिली. आयुष्यभर ते खडकीच्या एका कारखान्यात बांधकामावर ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांची पाहणी संपली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की सोफ्यावर बसायच्या आधी भिंती बघायचे. तडा दिसला की रेघ आणि तारीख. यजमान काही बोलायच्या आत पेन्सिल खिशात. एकदा मी त्यांना दाताच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. दाढ ठणकत होती, गाल लिंबाएवढा सुजलेला. नंबर आला म्हणून मी हाक मारली, तर हे बाकावर चढून खिडकीच्या कोपऱ्यात तारीख लिहीत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, काय करताय?" सुजल्या तोंडानेच हे म्हणाले, "तुम्ही माझी दाढ बघा, मी तुमची भिंत बघतो." एका लग्नात तर अक्षता पडल्या तेव्हा ते कार्यालयाच्या खांबाशी पाठमोरे उभे होते. त्यांच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या, त्या त्यांनी नंतर जिलबीच्या पंगतीत नवरदेवाला गाठून डोक्यावर टाकल्या.

हल्ली ते बंगळुरूला लेकीकडे असतात. बाराव्या मजल्यावर. फोन केला की सांगतात, "इथे सगळं चकचकीत आहे हो. बघण्यासारखं काहीच नाही."

तर माझं अंगण. ती पेन्सिलची रेघ तडा महिनाभरात ओलांडून चार बोटं पुढे गेला, तेव्हा काका म्हणाले, "उखडा. आणि या वेळी लोखंड घाला."

मी म्हटलं, "लोखंड घातलं की तडे जाणार नाहीत ना?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बँकेतली माणसं चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे बघतात. "जाणार. तडा जाणारच. जाळी तडा थांबवत नाही, तो उघडू देत नाही. दोन्ही तुकडे धरून ठेवते. केसाएवढा राहतो, पाणी शिरत नाही, पाय अडखळत नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने बाजारात जाऊन जाळी घेऊन आलो. हलकी, चमकदार, गुंडाळी खांद्यावर टाकून स्कूटरवरून आणता येईल अशी. काकांनी ती दोन बोटांत धरून उलगडली, परत गुंडाळली.

"छान आहे," ते म्हणाले. "कोंबड्या कधी येतायत?"

ती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी होती. आजही आमच्या कारल्याच्या वेलाखाली आहे.

मग मिस्त्री आले. काकांचे मिस्त्री. काका सांगायचे, "हा नसेल तर मी विटेला वीटही लावणार नाही." मिस्त्री मूळचे यवतमाळकडचे, पोटासाठी तरुणपणी पुण्याला आले आणि येरवड्याला राहिले. तीस वर्षं पुण्याचं पाणी पिऊनही 'मला'चं 'मले' केलेलं त्यांनी सोडलं नव्हतं. खडकीच्या कारखान्यात कंत्राटदाराचा माणूस म्हणून ते कामाला लागले, तिथे काकांनी त्यांना हेरलं. काका निवृत्त झाल्यावर गल्लीतली, ओळखीपाळखीची चार कामं दोघं मिळून करायचे. काका फुकट, हौस म्हणून. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं आणि संध्याकाळी ते एकाच बाकड्यावर बसून शेंगदाणे खायचे.

त्या कामावरचं पहिलं भांडण जाळीवरून झालं. खरी जाळी, आठ एमएमच्या सळयांची, मुरूम धुम्मसाने ठोकून ठोकून बसवलेल्या जमिनीवर पसरून ठेवली होती. मिस्त्री म्हणाले, "माल टाकता टाकता हुकानं उचलून घेतो साहेब. सारेच तसं करतात."

"सारेच तसं करतात, म्हणून सगळ्यांच्या जाळ्या मातीत पडून गंजतात. उचललेली जाळी पायाखाली परत खाली जाते. ती आधीच उचललेली पाहिजे. वरून दीड इंचावर."

मला समजेना. लोखंड खाली असो की वर, आत आहे ना? तेव्हा काकांनी माझा नाद सोडून आमच्या हिला हाक मारली.

"वहिनी, भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात का फिरवता?"

"चिरा पडू नयेत म्हणून," ही म्हणाली.

"चिरा कुठून पडतात?"

"वरून. वरची बाजू आधी सुकते ना."

"झालं. यांना तुम्हीच समजवा."

आणि मधोमध दोऱ्या मारून कोब्याचे चार भाग का पाडायचे, इंचभर खोल खाच का द्यायची, हेही त्यांनी हिलाच विचारलं. ही म्हणाली, "नारळाच्या वड्या गरम असतानाच पाडाव्या लागतात. नाही पाडल्या तर त्या पडतातच, पण वेड्यावाकड्या." काकांनी मिस्त्रींकडे वळून म्हटलं, "बघ. या घरात एक इंजिनिअर आहे. आपण दुसऱ्याच माणसाशी बोलत होतो." आज त्या अंगणाला चार वर्षं झाली. एकच केसाएवढा तडा आहे, आणि तो त्या खाचेच्या आतून, सांगितल्यासारखा सरळ गेला आहे.

जाळी उचलून धरायला खाली ठोकळे लागतात. बाजारात मिळतात ते बुटके. काकांना अडीच इंची हवे होते. त्या आठवड्यात त्यांनी मला रोज संध्याकाळी टपरीवर तीन-चार चहा पाजले आणि स्वतःही तेवढेच घेतले. एवढा कडक माणूस आपल्याला जीव लावायला लागला म्हणून मी भारावून गेलो. शनिवारी कळलं, त्यांना कागदी कप हवे होते. टपरीवाल्याकडून कोरे कप मागून घेणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटायचं. त्या कपांमध्ये त्यांनी सिमेंट भरलं, प्रत्येकात तारेचा एक फास रोवला आणि गच्चीवर चाळीस ठोकळे ओळीने मांडले. गल्लीतल्या बायका विचारत होत्या, "काका, यंदा मोदक लवकर केले का?"

माल ओतायचा दिवस सोमवार होता. आणि सोमवारी आमच्या घरी महिन्यातून एकदा अभिषेक असतो. इथून पुढे माझी कामगिरी सुरू होते.

सकाळी आठपासून काका छत्री उघडून स्टुलावर बसले होते. छोटं मिक्सर घरघरत होतं. एक गोणी सिमेंट, मोजून वाळू, मोजून खडी, मोजून पाणी. पाण्याची बादली काका स्वतः नजरेने मोजत. मिस्त्रींनी ती जरा जास्त तिरकी केली की वरून आवाज, "डोसे करायचे नाहीत!" म्हणजे माझी कीर्ती तिथपर्यंत पोचली होती. दोन बिगारी घमेली वाहत होते. जाळीवर पाय पडू नये म्हणून फळ्या टाकल्या होत्या. त्या सगळ्यांसाठी होत्या, पण फळीवरून घसरून जाळीवर पाय देणारा मी एकटाच निघालो. त्यानंतर मला दारातून हलायची मनाई झाली.

दुपारी शेवटचा माल राहिला. काका गोळी घ्यायला आपल्या घरी गेले. मिस्त्री आणि बिगारी तोंड धुऊन चहाला बसले. मिक्सर एकटंच फिरत होतं, आत शेवटच्या गोणीचा माल. आणि मी दारात उभा, हातात देवघरातलं पातेलं. त्यात सकाळचं पंचामृत.

आता हे पंचामृत नीट समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडे पूजा ही करते, पण पंचामृतात साखर घालणं हे माझं काम. उरलेलं मीच पितो, त्यामुळे माझा हात सैल असतो. पण त्या दिवशी पोट बिघडलं होतं, पातेलं तसंच भरलेलं राहिलं. ही म्हणाली होती, "तुळशीला घालून या." आणि तुळस? तुळस अंगणाच्या कोपऱ्यातली, कामासाठी कुंडीसकट गच्चीवर गेलेली. जिना चढायचा कंटाळा आला. मोरीत ओतणं शक्य नव्हतं. मी मिक्सरकडे पाहिलं. हा शेवटचा माल बरोबर त्या तुळशीच्याच कोपऱ्यात पडणार होता. मला वाटलं, यापेक्षा चांगली जागा कुठली? घराच्या जमिनीतच देवाचा आशीर्वाद. मी दोन पावलं टाकली, पातेलं कपाळाला टेकवलं आणि उपडं केलं. मनात एक मंत्रही म्हटला, अर्धा येत होता तेवढा.

खोटं कशाला सांगू, मला फार प्रसन्न वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दात घासत मागच्या दारात आलो. काकांनी रात्री अंथरलेली ओली गोणपाटं उचलून ठेवली होती. सगळा कोबा नाणं वाजवलं की ठणठणत होता. तुळशीचा कोपरा सोडून. चटईएवढ्या त्या जागेत काकांचं बोट पहिल्या पेरापर्यंत आत जात होतं.

मिस्त्री पाणी मारायला आले, तेव्हा काका उभे राहिले.

"शेवटच्या मालात पाणी किती टाकलंस?"

"मोजूनच टाकलं साहेब. दर बारीले टाकतो तितकंच."

"मी दहा मिनिटं आत गेलो होतो."

"मंग?"

"मग काय ते तू सांग. बोट जातंय आत. हा कोबा आहे का शिरा?"

मिस्त्री खाली बसले, अंगठा दाबून पाहिला, उठले. "मले नाही समजून राहिलं. पण पाणी म्या नाही टाकलं."

"मग काय सिमेंट रुसलं? एकाच गोणीला रुसलं? तेही मी नसताना?"

मिस्त्रींनी आपली हत्यारं गोळा केली. मग नळाखाली थापी धुतली, रंधा धुतला, दोन्ही फडक्याने पुसून पिशवीत घातले.

"तीस वर्षं झाले साहेब," ते म्हणाले. "आता दुसरा मिस्त्री पाहा." आणि फाटक उघडून गेले.

मी हे सगळं दारात उभा राहून ऐकत होतो. माझ्या तोंडात ब्रश होता, एवढीच माझी सबब. पातेलं आठवलं नव्हतं असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, दूध-दह्याने काय होतंय? शिवाय देवाचं. आणि त्याहून खरं कारण म्हणजे, त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यासमोर 'मी' हा शब्द उच्चारायची माझ्यात हिंमत नव्हती. मी आत जाऊन चूळ भरली. चूळ भरायला मी कधी इतका वेळ लावला नव्हता.

दुपारी काका आमच्याकडे आले आणि ओट्यावर बसले. भिंतीकडे बघितलं नाही, नाणं काढलं नाही.

"पाणी टाकलं याचं काही नाही हो," ते म्हणाले. "थकतो माणूस. शेवटचा माल, हात दुखतात, जरा पातळ केलं की पसरतं पटकन. मी स्वतः केलंय तरुणपणी. पण मला सांगायचं होतं ना. तीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता." मग म्हणाले, "या वयात मला दुसरा मिस्त्री कुठून मिळणार? आणि मिळाला तरी मी त्याचं काय करू?"

ते गेले, तेव्हा ही आतून म्हणाली, "काल तीर्थ तुळशीला घातलंत ना? गच्चीवर कुंडी तर कोरडी ठणठणीत आहे."

मी सगळं सांगून टाकलं. हिने ऐकून घेतलं. "म्हणजे देवाला सिमेंटात गाडलंत, आणि वर त्या माणसाला चोर ठरू दिलंत," ती म्हणाली. मी फोनवर शोधायला लागलो. चार शब्द टाकले आणि कळलं की साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, हे माझ्याशिवाय सगळ्या जगाला माहीत आहे. "काय बघताय त्यात?" ही म्हणाली. "काका शेजारी राहतात. फोनमध्ये नाही."

काका खुर्चीत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं, छत्री घेऊन अंगावर येतील. त्यांनी फक्त विचारलं, "साखर किती होती?"

"पाव किलो. जरा जास्तच."

"मध?"

"चार चमचे."

"केळं घातलं होतंत?"

"एक."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला असावा. "पन्नास किलोच्या गोणीला पाव किलो," ते पुटपुटले. "चार दिवस. पाच. सहाही लागतील." मग डोळे उघडले, आणि तेव्हा कुठे ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली. "म्हणजे तो खरं बोलत होता," ते म्हणाले.

ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुमची स्कूटर आहे ना? काढा."

धायरीहून येरवड्यापर्यंत, संध्याकाळच्या गर्दीत, ते माझ्यामागे पिशवीसारखे गप्प बसून होते. एरवी स्कूटरवर बसले की प्रत्येक पुलावर माझ्या कानात सांगायचे, इथला सांधा वाजतोय, ऐका. त्या दिवशी तीन पूल गेले, एक शब्द नाही.

मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. मिस्त्री बनियनवर टीव्हीसमोर बसले होते, त्यांची बायको मेथी निवडत होती. मिस्त्रींनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे पाहायला लागले. काका उंबऱ्याबाहेर थांबले.

"तू पाणी टाकलं नव्हतंस," काका म्हणाले.

"ते मले सकाळपासूनच माहीत हाये," मिस्त्री टीव्हीकडे बघत म्हणाले. "तुमाले आता कळलं."

"आता कळलं."

मिस्त्रींच्या बायकोने मेथीची परात बाजूला सारली. "आत तं या साहेब. दारात काहून उभे?"

"यानं ये म्हटलं तर येतो."

मिस्त्रींनी पायानेच शेजारची प्लास्टिकची खुर्ची दाराकडे सरकवली. काका आत जाऊन बसले. मला खुर्ची नव्हती आणि ते योग्यच होतं.

मी म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी आहे. तुम्ही चहाला बसला होतात तेव्हा मी मिक्सरमध्ये पंचामृत ओतलं."

"काय ओतलं?"

"पंचामृत. साखर होती त्यात. पाव किलो."

मिस्त्रींनी टीव्हीचा आवाज बंद केला. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लय पाहिलं मी," ते म्हणाले. "कोणी मालात माती घालते, कोणी राख घालते. देव घातलेला आजच पाहून राहिलो." त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मिस्त्री मात्र हसले नाहीत. ते काकांकडे वळले.

"साहेब, ह्या मानसाचं सोडा. हे तं कोंबड्याची जाळी आननारा मानूस. पन तुमी? तुमी मले विचारलंच नाही. आधी ठरवलं, अन् मंग विचारलं."

काका खाली फरशीकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "तसंच केलं मी. चुकलं माझं."

मला त्या माणसाच्या शेजारी येऊन काही महिनेच झाले होते. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तीस वर्षांत त्यांनीही ऐकले नव्हते. त्या शब्दांचं काय करावं ते मिस्त्रींना कळेना. त्यांनी उगीच रिमोट उचलला, खाली ठेवला, बायकोला म्हणाले, "चहा ठेव वं."

निघताना काकांनी विचारलं, "उद्या येतोस?"

"पाहतो," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजल्यापासून काका माझ्या फाटकाशी उभे होते. सात वाजले, आठ वाजले. मी चहा नेऊन दिला, तो त्यांच्या हातात गार झाला. नऊ वाजून गेल्यावर पिशवी खांद्याला लावून मिस्त्री गल्लीत वळले. काका लगेच पाठ फिरवून कोबा बघायला लागले, जणू मघापासून तेच चाललं होतं.

कोपऱ्याजवळ दोघं उकिडवे बसले. त्या जागेवर मुंग्यांची रांग लागली होती. मिस्त्री म्हणाले, "गिऱ्हाईक आलं." काकांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता निकाल देतील: उखडा, जाळी मोकळी करा, नवीन माल टाका. त्यांच्या मनात तेच होतं, हे मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

"फोडायचं का ठेवायचं?" काका म्हणाले. "तुला काय वाटतं?"

मिस्त्रींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग अंगठा दाबला, थोडा माल चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला.

"राहू द्या. साखरच हाये, जहर नाही. उशिरानं होईल, पन होईल."

"नाही झालं तर?"

"नाही झालं तं म्या फोडीन. माझ्या हातानं."

"बरं," काका म्हणाले. "तू म्हणशील तसं."

पाच दिवस त्या कोपऱ्यावर ओलं गोणपाट होतं आणि गोणपाटाभोवती विटा. टँकरचं पाणी येत होतं त्या दिवसांत, तेव्हा गल्लीतली दोन-तीन घरं तांदूळ धुतलेलं पाणी आणून ओतत होती. मला मात्र अंगणात बादली घेऊन उतरायची बंदी होती. मी काही आणलं की मिस्त्री आधी भांड्यात डोकावून बघायचे. रोज सकाळी ते येरवड्याहून येत, एकट्याने गोणपाटाचं टोक उचलून अंगठा दाबत आणि परत झाकत. काका स्टुलावर बसून राहत. विचारत नसत. ही गोष्ट त्यांना किती जड जात होती ते त्यांच्या पायांवरून कळायचं. दोन्ही पाय सारखे हलत असायचे.

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी अंगठा दाबला, मग बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, मग सगळं गोणपाट काढून घडी घातली.

"साहेब, या. उभे राहा इथं."

काका उठले. कोपऱ्याच्या कडेपर्यंत आले आणि वाकून चपला काढायला लागले. या वयात वाकायला त्रास होतो, म्हणून मिस्त्रींनी त्यांचा दंड धरला.

"चपला काहून काढता? पक्कं झालं हाये ना."

"झालंय रे," काका म्हणाले. "पण खाली पंचामृत आहे."

मिस्त्री इतके हसले, की दंड सुटून काकाच पडायचे. मग त्यांनीही आपल्या चपला काढून कडेला ठेवल्या आणि दोघं त्या चटईएवढ्या जागेत अनवाणी उभे राहिले, आधी एक पाय दाबून, मग दुसरा. मी दारात उभा होतो. मलाही जावंसं वाटत होतं, मी एक चप्पल काढलीही होती. पण दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघेना, तेव्हा ती परत घातली.